कुंडीतली चिलटं आणि मातीतले इतर उपद्रवी: ओळख, पाणी आणि उपाय

पावसाळ्याचे पहिले तीन-चार आठवडे उलटले की खिडकीतल्या कुंडीला पाणी घालताच मातीतून बारीक काळी चिलटं उठतात. मग सगळा राग त्या उडणाऱ्या चिलटांवर निघतो. स्प्रे मारला जातो, कापूर जाळला जातो, कुंडी बाल्कनीत हद्दपार होते. चार दिवसांनी चिलटं पुन्हा हजर. उडणारं चिलट जेमतेम आठवडाभर जगतं, चावत नाही आणि झाडाचं काही खातही नाही. खाणारी अळी मातीत असते आणि ती तिथे टिकते ती माती सतत ओली राहते म्हणून. त्यामुळे उपाय करायचा तो अळीवर आणि ओलाव्यावर.

आधी ओळख पटवा

नर्सरीवाले या चिलटांना फंगस नॅट म्हणतात, अळिंबी पिकवणारे सियारिड माशी म्हणतात. लांबी २ ते ४ मिमी, रंग काळपट, पाय आणि मिशा लांब. उडणं कमकुवत, त्यामुळे कुंडीभोवतीच घुटमळतात आणि मातीवर तुरुतुरु धावतात. यांच्याशी गल्लत होते ती तिघांची:

- केळी-आंब्यावर येणारी चिलटं फिकट तपकिरी आणि लाल डोळ्यांची असतात. त्यांचा कुंडीशी संबंध नाही. फळं झाका, ओल्या कचऱ्याचा डबा धुवा.
- बाथरूमच्या जाळीतून येणारी केसाळ असतात आणि पंख पसरून भिंतीला चिकटून बसतात. तिथे नळीतला गाळ घासून काढावा लागतो.
- मातीवर हिरवं शेवाळ असेल तर तिथे एक ठेंगणी, जाड, आखूड मिशांची माशी येते. तिच्या पंखांवर फिकट ठिपके दिसतात. ती शेवाळ खाते, मुळांना हात लावत नाही.

फंगस नॅटची मादी ओलसर मातीच्या फटींत शे-दोनशे अंडी घालते. साधारण २४-२५ अंश तापमानाला तीन ते पाच दिवसांत अळ्या बाहेर पडतात, दोनेक आठवडे खातात, चार-पाच दिवस कोषात राहतात आणि मग चिलट उडतं. म्हणजे एक फेरा तीन ते चार आठवड्यांचा. कोणताही उपाय एकदाच करून भागत नाही तो यामुळेच. आज केलेल्या आळवणीने, म्हणजे मातीत औषधाचं पाणी ओतल्याने, अळ्या मरतील, पण अंडी आणि कोष तसेच राहतील.

अळी पारदर्शक पांढरी, बिनपायांची, ५-६ मिमी लांब असते आणि डोकं चकचकीत काळं असतं. वरच्या ५ ते ७ सेंटिमीटरमध्येच बहुतेक अळ्या असतात. मुख्य खाणं म्हणजे बुरशी, शेवाळ आणि कुजणारा पाला. संख्या वाढली की त्या मुळांवरचे बारीक तंतू आणि कोवळी मुळं कुरतडतात. वर्षानुवर्षांच्या मनी प्लँटला त्याने फारसं काही होत नाही. मिरची-टोमॅटोची रोपं, नुकत्याच लावलेल्या फांद्या आणि बिया रुजवलेले ट्रे मात्र बघता बघता कोलमडतात. शिवाय ही चिलटं रोपमर करणाऱ्या बुरशीचे बीजाणू एका कुंडीतून दुसरीकडे नेतात.

बटाट्याची चाचणी

अळ्या किती आहेत हे उडणाऱ्या चिलटांवरून नीट कळत नाही. कच्च्या बटाट्याचा साधारण एक इंचाचा, अर्धा सेंटिमीटर जाडीचा काप कापा. कापलेली बाजू खाली करून मातीत हलका दाबून ठेवा. दोन-तीन दिवसांनी उलटून भिंगाने पाहा, काळ्या डोक्याच्या अळ्या तिथे जमलेल्या दिसतील. प्रत्येक संशयित कुंडीत एक काप ठेवला तर नेमकी कोणती कुंडी मूळ आहे ते समजतं. बहुधा ती एखादी कोपऱ्यातली, विसरलेली, खाली पाणी साचलेली कुंडी निघते. काप चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर तोच कुजून अळ्यांना पोसायला लागेल. उपाय सुरू केल्यावर दर आठवड्याला हीच चाचणी करा. फरक पडतोय की नाही हे सांगणारं यापेक्षा स्वस्त साधन नाही.

पाणी: निम्मं काम इथेच होतं

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ती अवस्था कुंडीतही आणायची असते: माती ओलसर, पण कणांमध्ये हवा खेळती. वरची माती ४ ते ५ सेंटिमीटर खोल कोरडी झाल्याशिवाय पुढचं पाणी द्यायचं नाही. कोरड्या थरात अंडी आणि लहान अळ्या टिकत नाहीत, आणि मादीही तिथे अंडी घालायला सहसा उतरत नाही.

बोट लावून पाहणं पुरत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून फिकट, कोरडं दिसतं आणि दोन बोटं खाली चिंब असतं. उदबत्तीची जळून उरलेली काडी किंवा आइसक्रीमची काडी कुंडीच्या कडेने खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओली आणि माती चिकटलेली निघाली तर थांबा. लहान कुंडी असेल तर सरळ उचलून वजन पाहा. पाणी दिल्यावरचं आणि पाणी हवं असतानाचं वजन हाताला आठवड्याभरात पाठ होतं.

स्नेक प्लँट, झीझी, मनी प्लँट, अडेनियम, निवडुंग यांना ही उपासमार मानवते. नेचे, कॅलेथिया, पीस लिली यांना नाही, त्यांची पानं लगेच करपतात. अशा झाडांना खालून पाणी द्या. टबमध्ये तीन-चार सेंटिमीटर पाणी घेऊन कुंडी २० ते ३० मिनिटं ठेवा, वरची माती ओली व्हायच्या आत बाहेर काढा, निथळू द्या. असं सतत केलं तर खतातले क्षार वरच्या थरात साचतात आणि मातीवर पांढरी पापडी धरते. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून ते धुऊन काढावं लागतं. त्या आठवड्यात बटाट्याची चाचणी अवश्य करा.

इथे चुका होतात त्या अशा. बशीत पाणी साचू देणं, किंवा सुंदर सिरॅमिकच्या बाहेरच्या भांड्यात तळाशी पाणी उभं राहणं. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने ते ओतून टाका. कुंडीच्या तळाला खापऱ्या आणि खडीचा थर घालण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, त्यामुळे चिंब थर उलट मुळांच्या जवळ, वर सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. आणि माती अगदी खडखडीत वाळून कुंडीच्या भिंतीपासून सुटली तर वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली वाहून जातं. मग झाड तहानलेलं आणि बशी भरलेली. अशा वेळी एकदा खालून भिजवून माती पुन्हा फुगवून घ्या.

मातीवर काय ओतलं जातं तेही पाहा. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, आंबलेलं ताक, केळीच्या साली, शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड: घरोघरी चालणारी ही सगळी 'टॉनिकं' मातीच्या वर पसरली की दोन दिवसांत बुरशी धरते आणि चिलटांची पंगत बसते. बंगल्याच्या अंगणात, उघड्या उन्हात ते खपून जातं. फ्लॅटच्या खिडकीत नाही. हे सगळं कंपोस्टच्या डब्यात घाला आणि पूर्ण कुजल्यावर कुंडीला द्या.

पिवळे चिकट सापळे

सापळे माद्या पकडतात, म्हणजे पुढची अंडी वाचतात. मातीतल्या अळीला त्याने काही होत नाही. चिलटं जमिनीलगत उडतात, म्हणून सापळा मातीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, आडवा किंवा काडीला लावून उभा ठेवा. खिडकीला उंच टांगलेला सापळा शोभेचा ठरतो. दोन लहान कुंड्यांना एक पुरतो. भरला किंवा धुळीने चिकटपणा गेला की बदला.

घरी करायचा तर जुन्या फाइलचा पिवळा प्लास्टिक पुठ्ठा ५ बाय ८ सेंटिमीटर कापा आणि दोन्ही बाजूंना एरंडेल किंवा पांढरी व्हॅसलीन पातळ चोपडा. एरंडेल आठवड्याने पुन्हा लावावं लागतं. घरातल्या पाली बाजारच्या सापळ्याला चिकटतात. चिकटलीच तर ओढू नका, खायचं तेल बोटाने लावत सोडवा. व्हिनेगरची वाटी केळ्यांवरच्या चिलटांसाठी ठीक, या चिलटांना तिचं फारसं आकर्षण नाही.

अळीवर आळवणी: बीटीआय

घरातल्या कुंड्यांसाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, थोडक्यात बीटीआय. हा जीवाणू १९७६ मध्ये इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. डासांच्या अळ्या मारायला तो जगभर वापरतात. अळीने तो खाल्ला की त्यातलं विषारी प्रथिन तिच्या आतड्यात विरघळून आतडं फाटतं. माणसं, मांजरं, गांडुळं यांना त्याचा त्रास नाही.

खरेदी करताना नाव पुरतं वाचा. कृषी सेवा केंद्रात 'बीटी' मागितलं तर बहुतेकदा कुर्स्टाकी जातीचं मिळतं. ते कोबी-हरभऱ्यावरच्या पतंगवर्गीय अळ्यांसाठी असतं आणि चिलटांच्या अळीवर चालत नाही. पाकिटावर 'इस्रायलेन्सिस' असायलाच हवं. डासनियंत्रणाचं साहित्य विकणाऱ्यांकडे ते मिळण्याची शक्यता जास्त.

१. पावडरची तीव्रता उत्पादनागणिक बदलते, म्हणून मात्रा पाकिटावरचीच घ्या. साध्या पाण्यात मिसळा, गरम पाण्यात नाही.
२. माती किंचित कोरडी असताना, पुढचं पाणी द्यायच्या वेळी, संध्याकाळी आळवणी करा. साध्या पाण्याऐवजी हेच पाणी द्यायचं, वेगळं ओलं करायचं नाही.
३. वरचा सगळा थर कडेपर्यंत भिजायला हवा. मध्ये ओतून कडा कोरड्या ठेवल्या तर कडेच्या अळ्या वाचतात.
४. कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. ५ ते ७ दिवसांनी पुन्हा, असं किमान तीनदा, आणि चौथ्या आठवड्यात बटाटा लावून पाहा.
५. घरातल्या सगळ्या कुंड्या एकाच दिवशी करा. एक सुटली तर तीच बाकीच्यांना परत देते.

फसतं ते बहुतेक दुसऱ्या आळवणीनंतर, कारण चिलटं कमी झालेली दिसतात आणि तिसरी राहून जाते.

बीटीआय मिळालं नाही तर निंबोळीकडे वळा. अॅझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम असलेलं कडुनिंबाचं औषध लिटरला ५ मिली, किंवा १०,००० पीपीएमचं २ ते ३ मिली, या प्रमाणात आळवणी करा. साधं कडुनिंब तेल असेल तर ५ मिली तेल आणि १ ते २ मिली सौम्य द्रवसाबण आधी थोड्या कोमट पाण्यात घोटून मग लिटरभर करा. साबणाशिवाय तेल वर तरंगतं आणि शेवटच्या कुंडीला सगळं जातं. निंबोळी अळीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवते, म्हणून परिणाम दिसायला वेळ लागतो. आठवड्याच्या अंतराने तीनदा द्या. निंबोळी पेंड १० ते १२ इंची कुंडीला मूठभर, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम, पण मातीत मिसळून. वर पसरली तर तिच्यावरच बुरशी येते.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा सल्ला परदेशी व्हिडिओंमधून आला आहे. तिथे औषधदुकानात ३ टक्क्यांचं मिळतं आणि एकास चार पाणी सांगतात. आपल्याकडे बाटलीवर बहुधा '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, ते सुमारे ६ टक्के. त्याचं प्रमाण एकास नऊ पाणी. मातीत उठणारा फेस पाहून अळ्या मरताहेत असं वाटतं, पण फेस कुठल्याही सेंद्रिय मातीत उठतो. याने संपर्कातल्या अळ्या मरतात आणि चांगले जीवाणूही मरतात, म्हणून ट्रायकोडर्मासोबत (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) किंवा बीटीआयच्या आठवड्यात वापरू नका. फार लागण असेल तर सुरुवातीला एकदा, बस.

दालचिनीची पूड, हळद, लवंगा यांनी उभी लागण आटोक्यात येत नाही. डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची भुकटी) कोरडी असेपर्यंतच काम करते, आणि ओल्या मातीवर ती लगेच ओली होते. जाड वाळूचा दोनेक सेंटिमीटरचा थर थोडा उपयोगी पडतो, पण चिलटं खालच्या भोकांतूनही आतबाहेर करतात. वाळू घातलीत तर भोकांनाही जाळी लावा. साध्या मच्छरदाणीची भोकं मोठी पडतात, ती दुहेरी घ्या किंवा ऑर्गन्झाचं कापड वापरा.

रोपांचे ट्रे

इथे चिलटं दिसायची वाट पाहू नये. पेरणीआधी कोकोपीट उकळत्या पाण्यात फुगवा. ६५० ग्रॅमच्या विटेला साधारण चार लिटर पाणी लागतं. झाकण ठेवून पूर्ण गार होऊ द्या आणि मग किलोभर मिश्रणाला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळा. गरम असताना मिसळला तर तो वाया गेला. बियांवर गांडूळ खताऐवजी अर्धा सेंटिमीटर जाड वाळू पसरा. ट्रेवर ऑर्गन्झा ताणून बांधा आणि रोपं दोन खऱ्या पानांची होईपर्यंत पाणी खालूनच द्या.

चिलटं नसताना झाड सुकत असेल तर

माती ओली, तरी झाड मलूल आणि खोड धरून हलवलं तर सैल: कुंडी वर्तमानपत्रावर उलटी करा. इंग्रजी 'सी'सारखी वळलेली, जाड, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी निघाली तर हुमणीचा संशय घ्या. ती शेणखतातून येते किंवा वळवाच्या पावसानंतर बाहेर पडलेले भुंगे बाल्कनीत अंडी घालतात. पण सरसकट मारू नका. अळी गुळगुळीत फरशीवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन सरकू लागली तर ती फुलभुंग्याची, कुजलेला पाला खाऊन जगणारी. तिला कंपोस्टमध्ये टाका. पायांवर किंवा कुशीवर धडपडणारी हुमणी. कुंडीत हाताने वेचणं हाच पुरता उपाय आहे. मोठ्या वाफ्यात मात्र मेटारायझियमची आळवणी लिटरला ५ ते १० ग्रॅम, ओल्या मातीत, संध्याकाळी. ही बुरशी आहे, तिला आठवडे लागतात.

कुंडीच्या आतल्या भिंतीला आणि मुळांना पांढरी, मेणचट पूड दिसली तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण. अडेनियम, निवडुंग, सक्युलंट आणि आफ्रिकन व्हायोलेटवर हा फार. परलाइट (मिश्रणातले पांढरे, हलके खडे) समजून लोक सोडून देतात. सुईने दाबून पाहा: परलाइट कडक लागतं, पिठ्या चिरडून ओला डाग पडतो. मुंग्यांची ये-जा असेल तर संशय पक्का. सगळी माती झटका, मुळं जोरदार धारेखाली धुवा, कुजलेली कापा आणि कडुनिंब-साबणाच्या पाण्यात १५ ते २० मिनिटं बुडवा. अडेनियम आणि निवडुंग सावलीत चार ते सात दिवस सुकवून नव्या मिश्रणात लावा. जुनी कुंडी वापरायची तर उकळत्या पाण्याने धुवा. पिल्लं निथळत्या पाण्याबरोबर पसरतात, म्हणून त्याच ट्रेमधल्या बाकी कुंड्याही उपसून पाहा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी यावर चालते, पण ते मुळांतून पानाफुलांत उतरतं. तुळस, पुदिना, कढीपत्ता, मिरची आणि मधमाश्या येणारी फुलझाडं यांना ते मुळीच नको.

टोमॅटो, वांगी, भेंडी खुरटली आणि मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. वाल-घेवड्याच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच फुगलेला भाग असते, ती सुटत नाही. कुंडीत यावर इलाज करत बसू नका. झाड आणि माती दोन्ही पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नाही.

बशीतल्या पाण्यात टुणटुणणारे पांढरे स्प्रिंगटेल, एखाददुसरा वाणी, गांडुळं यांना सोडून द्या. ते कुजकं खातात. वाणी ट्रेमधल्या रोपांपाशी दिसला तरच उचलून बाहेर टाका.

पुढच्या हंगामाची माती

एप्रिल-मे महिन्यात जुनी माती तापवून घेता येते. माती ओलसर करा, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत १५ सेंटिमीटरपेक्षा जाड थर होणार नाही अशी पसरा, तोंड बांधा आणि कडक उन्हात चार आठवडे ठेवा. मध्ये दोनदा उलटा. काळ्या पिशवीपेक्षा पारदर्शकात माती जास्त तापते. ढग आल्यावर हे करण्यात अर्थ नाही, म्हणून कोकणात मेच्या मध्यापर्यंत उरका.

शेणखत घेताना मुठीत धरून पाहा. आंबूस वास आला किंवा शेणाचा आकार ओळखू येत असेल तर ते कच्चं आहे. चाळून उन्हात पसरा, हुमणी आणि गेंड्या भुंग्याच्या अळ्या तिथेच वेचल्या जातात. उरलेलं मिश्रण कोरडं करून झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात गॅलरीत अर्धी उघडी राहिलेली पिशवी चिलटांची पैदास करते.

नर्सरीतून आणलेलं रोप पहिले तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब, स्वतःच्या पिवळ्या सापळ्यासह ठेवा. त्या काळात सापळा रिकामा राहिला तर ते रांगेत आणा. आणि कुणी मातीत टाकायला थिमेटच्या दाण्यांची पुडी देऊ केली तर घेऊ नका. त्यातलं फोरेट अतिविषारी आहे आणि ३१ डिसेंबर २०२० पासून भारतात त्यावर बंदी आहे.